मोती खांद्यावरच का बसले?

कुंडापाशी मुंगीला शिरायला जागा नव्हती. दगडी पायऱ्यांवर माणसं, कठड्यावर माणसं, आणि कपडे बदलायच्या खोल्यांपुढे तर पिशव्या कुठे संपतात आणि माणसं कुठे सुरू होतात ते कळत नव्हतं. कुणी काठी टेकत आलेलं, कुणाला खुर्चीसकट उचलून आणलेलं. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर, खांबाला बांधलेल्या कर्ण्यातून एक मधाळ आवाज सारखा ठिबकत होता.

"घाई करू नका. राणीसाहेब कुठे जात नाहीत आणि त्यांचे मोतीही कुठे जात नाहीत. जाणार आहे ते तुमचं दुखणं."

मास्तरीण कठड्याशी उभी होती. एका हातात टॉवेल, दुसऱ्या हातात सासूबाईंच्या चपला. ती शाळेत विज्ञान शिकवायची म्हणून घरात तिला मास्तरीण म्हणत. आधी सासूबाईंनी चिडवायला म्हटलं, मग नवऱ्याने, आणि आता तर दूधवालाही म्हणायचा. मुळात पायाला भिंगरी लागलेली बाई. तिला एका जागी उभं करणं हीच शिक्षा होती. ती टॉवेल या खांद्यावरून त्या खांद्यावर टाकत होती, घड्याळ बघत होती, आणि बघून झाल्यावर किती वाजले ते विसरत होती.

कुंड फार जुनं. जमिनीतून कोमट पाणी वर येतं, आणि पाण्याबरोबर तळातून बुडबुड्यांच्या माळा. गावाची गोष्ट अशी की फार पूर्वी इथल्या एका राणीला असाध्य दुखणं झालं. सगळे वैद्य थकले, तेव्हा ती या पाण्यात उतरली, बरी झाली, पण वर येताना तिचा मोत्यांचा कंठा तुटला. दासी मोती वेचायला धावल्या, तर राणी म्हणाली, राहू द्या, माझ्या लेकरांच्या कामी येतील. गोष्ट गोड आहे, कुणाचं काही बिघडवत नव्हती. बिघडायला लागलं ते वैद्यराज गावात आल्यापासून. राणीच्या वैद्याच्या घराण्यातला मी शेवटचा पुरुष, असं त्यांनी सांगितलं. मग घराणं कुठलं, आधीचे पुरुष कोण, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही, कारण त्यांनी मोती दाखवले.

आणि मोती दिसत होते हो. मास्तरणीने त्या दिवशी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. पाण्यात बसलेल्या बाईच्या अंगावर एकही बुडबुडा नाही, आणि दुखऱ्या गुडघ्यावर मात्र दाटीवाटीने, चमचमत, एकाला एक लागून. वाटीभर मोती गुडघ्यावर शिवून दिल्यासारखे. वैद्यराज कर्ण्यातून समजावून सांगत होते की राणीसाहेबांच्या कंठ्यातला एकेक मोती दुःखाचा वास काढत येतो, दुखऱ्या जागी बसतो आणि दुःख पिऊन घेतो. तीन बुड्या घ्यायच्या, आठवड्याला एक. पहिल्या दोन्ही वेळा मोती येतात. तिसऱ्या वेळी आले नाहीत, तर समजा की त्यांना प्यायला काही उरलंच नाही.

ही सासूबाईंची दुसरी बुडी होती. त्या पांढऱ्या बिनबाह्यांच्या झग्यात पाण्यात उतरल्या, गळ्यापर्यंत बसल्या, डोळे मिटले. आणि थोड्या वेळाने त्यांच्या डाव्या खांद्यावर मोती आले. मास्तरणीच्या अंगावर काटाच आला. आपल्याला हे समजत नाही, ही गोष्ट तिला मुळीच सोसत नसे. तिने वाकून पाण्यात हात घातला. घातला तोच राखणदार खेकसला, शुद्धी न करता पाण्याला शिवायचं नाही, पाटी वाचता येत नाही का. तिने हात काढून घेतला. सगळं मनगट बुडबुड्यांनी भरलं होतं, ते पुसून टाकलं आणि त्या राखणदाराला मनातल्या मनात चार शिव्या दिल्या.

आता तिचा जीव एवढा टांगणीला का लागला होता, ते सांगायला हवं.

सासूबाईंचं शिलाईचं दुकान. घराच्याच पुढच्या खोलीत मशीन, कापायचं टेबल, भिंतीवर मापांच्या पट्ट्या. सगळ्या वस्तीतल्या बायकांची मापं घेणारी ही बाई स्वतःसाठी कधी काही शिवत नसे. महिन्यापूर्वी मास्तरणीने हट्टच धरला, तुमचं माप आज मी घेणार. पट्टी पाठीमागून पुढे आणली, तर सासूबाई एकदम आखडल्या आणि त्यांनी तिचा हात धरला. डाव्या छातीत, काखेच्या अंगाला, एक कडक गाठ होती. किती दिवसांपासून आहे, तर म्हणाल्या, आहे बरेच दिवस, त्यात काय मोठंसं. झाकली मूठ सव्वा लाखाची हे त्यांचं आयुष्यभराचं धोरण होतं.

मास्तरीण त्यांना ओढतच डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी तपासलं, आणि सरळ सांगितलं की बऱ्याचशा गाठी निरुपद्रवी असतात, पण ही कुठली ते हाताला कळत नाही. सुई घालून थोडा तुकडा काढू, तपासू, आणि उशीर अजिबात करू नका. सासूबाईंनी होकार दिला आणि घरी येईपर्यंत बदलल्या. शेजारणीची कंबर कुंडात बरी झाली होती. आधी तीन बुड्या घेईन, म्हणाल्या. मोती यायचे थांबले नाहीत तर तुझी सुई, आणि मोती गेले तर सुई नाही.

मास्तरणीने आकाशपाताळ एक केलं. नवऱ्याचे मात्र दोन्ही दगडांवर पाय. आईपुढे म्हणायचा, कोमट पाणी आहे, नुकसान तर काही नाही ना. बायकोपुढे म्हणायचा, सुई तर लावायचीच आहे, पण सबुरीने. सबुरी हा शब्द ऐकला की मास्तरणीचं डोकं उठायचं. गाठीला सबुरी कळत असती तर गोष्ट वेगळी होती. शेवटी तिने तिसऱ्या बुडीच्या दुसऱ्याच दिवशीची वेळ डॉक्टरीणबाईंकडून मागून घेतली, आणि तेवढ्यावर दोघींची तहाची बोलणी थांबली.

मधला आठवडा काही सरता सरेना. वर्गात फळ्यावर आकृती काढताना तिचा हात थांबायचा आणि मुलं एकमेकांकडे बघायची. रात्री ती उठून सासूबाईंच्या दाराशी जायची, त्यांचा श्वास ऐकायची आणि स्वतःवरच चिडून परत यायची. तिला दोन गोष्टींची भीती होती. तिसऱ्या वेळी मोती येतील याची नव्हे, येणार नाहीत याची. आणि दुसरी, जी तिने कुणालाच सांगितली नाही: समजा खरंच काही असलं तर? मी डोळ्यांनी पाहिलंय ना?

तिसरी बुडी झाली. सासूबाई पाण्यात बसल्या आणि खांद्यावर एकही मोती आला नाही. काठावरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. कर्णा गरजला, "मोती गेले, खांद्याचं दुखणं गेलं. आता माउली साक्ष देतील." बऱ्या झालेल्याने मांडवातल्या चौथऱ्यावर येऊन चार शब्द बोलायचे, अशी तिथली रीत होती. साक्षीला अजून वेळ होता. आणखी काही जणांच्या बुड्या व्हायच्या होत्या.

कपडे बदलायच्या खोलीत सासूबाई ओले केस पुसत होत्या, आणि त्यांचा चेहरा इतका हलका झाला होता की मास्तरणीला बोलवेना. बोलल्या त्या सासूबाईच. उद्याची वेळ रद्द कर म्हणाल्या, त्या बिचाऱ्या डॉक्टरीणबाईंचाही वेळ वाचेल.

"आई, गाठ आहे ना अजून?"

"विरघळेल आता. मुळातून उपटली म्हणजे पान लगेच थोडंच सुकतं? आणि खरं सांगू का, मला तर नाव घेऊन सांगावंही लागलं नाही. तो माणूस फाटकाशी विचारतो, काय दुखतं, आणि तेच कर्ण्यातून ओरडून सांगतो, राणीच्या कानी पडावं म्हणून. सगळा गाव ऐकतो गं. तिथे मी काय सांगू, छातीत गाठ आहे म्हणून? मी सांगून टाकलं, खांदा दुखतो."

मास्तरणीने हातातला कंगवा खाली ठेवला.

"तुमचा खांदा दुखत नाही?"

"खांद्याला काय धाड भरलीय. पण राणी बाईमाणूस ना, तिला कळलं असणार."

"आई," मास्तरीण म्हणाली, आणि आवाज शक्य तितका साधा ठेवला, "मग मोती कुठे बसले होते?"

सासूबाईंचा हात केसांत थांबला. त्या हुशार बाई. कापडात एक सूत इकडचं तिकडे झालेलं त्यांना चालत नसे. पण मन मोठं वस्ताद असतं. क्षणभराने त्या म्हणाल्या की राणीने माझी लाज राखली, चारचौघांत नको तिथे मोती बसवले नाहीत. बोलल्या खऱ्या, पण बोलताना सुनेकडे बघितलं नाही.

मास्तरणीला आता बसवेना. जो मोती दुःखाचा वास काढत येतो, त्याला कर्ण्यातून पत्ता का सांगावा लागतो? आणि चुकीचा पत्ता सांगितला तर तो तिथेच का जातो? तिने सासूबाईंना विचारलं की पाण्यात जायच्या आधी ते नक्की काय करतात. सासूबाईंनी सांगितलं. शुद्धीच्या खोलीत एक मावशी असते. सुगंधी पाण्याने सगळं अंग चोळून काढते, तसंच ओलं पाण्यात पाठवते. फार मायाळू बाई. दुखतं कुठे विचारते, आणि तिथे हात ठेवून बराच वेळ चोळते, जाईल हो, जाईल, म्हणते.

"आज ठेवला का हात?"

"आज नाही. आज नुसतं अंग धुतलं. तिसऱ्या वेळी हात नको लागत म्हणाली." आणि मग खाली बघत, हळूच, "इतक्या दिवसांत कुणी तिथे माझ्या दुखण्यावर म्हणून हात ठेवला नव्हता गं. भले खांद्यावर का असेना."

हे मास्तरणीला फार लागलं. महिनाभर तिने गाठीवरून वाद घातला, तारखा घेतल्या, नवऱ्याशी भांडली. या बाईजवळ बसून तुम्हाला भीती वाटते का, एवढं मात्र विचारलं नव्हतं. तिला रडू येईल असं वाटलं, म्हणून ती उठलीच. इथेच थांबा, मी आले, असं सांगून ती तडक फाटकाशी गेली.

"काय दुखतं?" वैद्यराजांनी विचारलं.

"कोपर. उजवं," तिने सांगितलं. तिचं कोपर ठणठणीत होतं. त्याच कोपराने तिने आत्ताच रांगेतल्या दोघांना मागे सारलं होतं.

"उजवं कोपर," कर्णा म्हणाला, "राणीसाहेब, उजवं कोपर."

शुद्धीच्या खोलीत मावशीने तिला चोळायला घेतलं. पाणी सुवासिक होतं, आणि बुळबुळीत. मास्तरणीने नाकाशी हात नेला. वर अत्तर, खाली साबण. आणि हा साबण धुऊन टाकायचा नव्हता, अंगावर तसाच ठेवायचा होता. मावशी हे सगळं उजव्या हाताने करत होती. डावा हात तिने मागे कंबरेशी धरला होता. मग तिने मायेने विचारलं, कुठं दुखतं गं बाई, आणि कंबरेच्या पिशवीत बुडवलेला तो डावा हात कोपरावर ठेवला. हात मऊ होता, ऊब होती, आणि मेणासारखा चिकट तेलकटपणा होता. जाईल हो, जाईल, मावशी म्हणाली. मास्तरणीला तिचा राग आला, आणि तो हात बरा वाटला याचाही राग आला.

ती पाण्यात बसली. बघता बघता तिच्या धडधाकट कोपरावर मोती जमले. नीट ओळीने, टपोरे, राणीच्या कंठ्यात शोभतील असे. तिच्या उरलेल्या अंगावर एक नव्हता. तिला मागच्या आठवड्यातलं स्वतःचं मनगट आठवलं, राखणदार ओरडला तेव्हाचं. न धुतलेल्या त्या हाताला सगळीकडे बुडबुडे लागले होते. म्हणजे या पाण्यात उतरणाऱ्या कुणाच्याही अंगभर ते यायचेच. साबण त्यांना धरू देत नाही, आणि तेल त्यांना सोडत नाही. तिसऱ्या वेळी तेल लावायचंच नाही, की माणूस बरा. एवढंच होतं. या एवढ्याशा गोष्टीसाठी तिच्या घरातलं माणूस उद्याची सुई रद्द करायला निघालं होतं.

पाण्यात बसल्या बसल्या तिला हसू फुटलं, आणि शेजारच्या बाईला वाटलं गुण येतोय.

बाहेर येऊन तिने मांडवाशेजारच्या दुकानातून साध्या सोड्याची बाटली आणि दोन ग्लास घेतले. नवरा गाडीत पेपर वाचत होता. त्याला उठवून दुकानदाराकडून साबणाची वडी आणि थोडं खायचं तेल आणायला पिटाळलं. हे काय चाललंय असं त्याने विचारलं, तर ती म्हणाली, तुझी सबुरी. मग ती सासूबाईंना खोलीच्या मागच्या पायरीवर घेऊन बसली, दोन्ही ग्लासांत सोडा ओतला आणि म्हणाली की मी काही सांगणार नाही, तुम्हीच करा. एक बोट साबणात घोळा, दुसऱ्याला तेल लावा.

सासूबाईंनी बोटं बुडवली. साबणाचं बोट जवळजवळ कोरं राहिलं. तेलाच्या बोटावर मोती बसले.

त्या किती तरी वेळ बघत राहिल्या. मग बोटं बदलून पाहिली. मग तेल बोटाच्या फक्त टोकाला लावलं, आणि मोती टोकालाच आले. कापड दोनदा मोजून मगच कात्री लावायची त्यांची सवय. मास्तरीण शेजारी बसली होती आणि जन्मात पहिल्यांदा गप्प होती. तिने आपला हात त्यांच्या पाठीवर ठेवला.

"भीती वाटते ना?" तिने विचारलं.

"फार," सासूबाई म्हणाल्या. "रात्र रात्र झोपत नाही मी. तुला कशाला सांगायचं म्हणून..." आणि त्यांनी तेलकट बोट पदराला पुसायच्या ऐवजी सुनेच्या टॉवेलला पुसलं, आणि रडल्या.

तेवढ्यात कर्ण्याने खांद्याच्या माउलींना साक्षीला बोलावलं. तुम्ही नका जाऊ, मास्तरीण म्हणाली, मी जाते आणि सांगते सगळं. सासूबाई उठल्या. नाव माझं पुकारलंय, म्हणाल्या, तू काय म्हणून जाणार?

मांडव गच्च भरला होता. वैद्यराजांनी हसऱ्या चेहऱ्याने माइक त्यांच्या हातात दिला. सासूबाईंनी तो दोन्ही हातांनी धरला.   खाली उभ्या मास्तरणीला वाटलं, संपलं, आता आभार मानतील आणि खाली येतील, आणि मग मी काय करू.

"माझा खांदा कधी दुखतच नव्हता," सासूबाई म्हणाल्या. कर्ण्यातून तो आवाज स्वतःच ऐकून त्या दचकल्या, मग पुढे बोलल्या. "माझ्या छातीत गाठ आहे. डाव्या. मला सांगायची लाज वाटली, म्हणून खांदा सांगितला. तर मोती खांद्यावर आले. आज आले नाहीत, म्हणून मी बरी. पण गाठ आहे. आत्ता हात लावून बघितली मी. जिथे होती तिथेच आहे."

 वैद्यराज कसलेले गडी. डोळ्याचं पातं लवायच्या आत सावरले. हात जोडून म्हणाले की माउली, हाच तर राणीसाहेबांचा मोठेपणा, तुमची लाज राखली त्यांनी.

"लाज राखली, मग गाठ कशाला राखली?" सासूबाईंनी विचारलं.

मांडवात कुणीतरी खुदकन हसलं. वैद्यराज माइक घ्यायला पुढे झाले, पण सासूबाईंनी तो सोडला नाही. मी शिवणकाम करते, त्या म्हणाल्या. उसवलेलं एकीकडे आणि टाका दुसरीकडे घातला तर गिऱ्हाईक कपडा तोंडावर फेकतं. मग त्यांनी सुनेला वर बोलावलं. मास्तरणीने ग्लास वर धरून सगळ्यांदेखत तेच करून दाखवलं. साबणाचं बोट, तेलाचं बोट. शुद्धीची खोली, मावशीचा उजवा हात, मावशीचा डावा हात. जमिनीतल्या वायूचे बुडबुडे आहेत हे, ती म्हणाली, सोड्यात असतात तेच. त्यांना दुखणं कळत नाही, तेल कळतं. मागून गावातलेच एक आजोबा ओरडले की आम्ही पोरं पोहायचो तेव्हा अंगभर यायचे बुडबुडे, तर मग आम्ही काय नखशिखांत आजारी होतो का?

वैद्यराजांनी अश्रद्धेची बाधा, पाण्याचा कोप, घराण्याचा अपमान, सगळे पत्ते टाकून पाहिले. एकाने मोठ्याने विचारलं, मग पिशवी दाखवा ना मावशीची. मावशी तिथे नव्हती. शुद्धीच्या खोलीत तिचा झगा खुंटीला लटकत होता, आणि मागचं दार सताड उघडं होतं. थोड्या वेळाने पाहतात तो वैद्यराजही त्याच दाराने गेलेले.

सगळे शहाणे झाले, असं काही नाही. कर्णा बंद पडल्यावरही काही जण रांगेत उभे होते; इतक्या लांबून आलोय तर बुडी घेऊनच जाऊ, म्हणाले. शेजारणीने सासूबाईंशी बोलणं टाकलं, तिची कंबर पुन्हा धरली होती तरीही. पण गाडीकडे जाताना काही बायका मागून आल्या. एकेकट्या, इकडे तिकडे बघत. कुणी गाठ म्हणाली, कुणी अंगावरून फार जातंय म्हणाली, एक नुसतीच डोळे पुसत उभी राहिली. त्यांनीही फाटकाशी कुणी पोट सांगितलं होतं, कुणी पाठ. सगळ्यांना डॉक्टरीणबाईंचा पत्ता हवा होता. मास्तरणीला तेव्हा कळलं की वैद्यराजांची खरी कमाई तेलावर नव्हती. बायका जे बोलू शकत नाहीत, त्यावर त्यांचं दुकान चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी सुई झाली. सासूबाईंनी सुनेचा हात इतका घट्ट धरला की तिच्या बोटांना रग लागली. नवरा बाहेरच्या बाकावर बसला होता, उठत होता, पुन्हा बसत होता. या वेळी त्याने सबुरीचं नाव काढलं नाही. आठवड्याने उत्तर आलं. गाठ वाईट होती.

डॉक्टरीणबाईंनी शेजारी बसून सगळं समजावलं. गाठ वाईट आहे, पण अजून लहान आहे, पसरलेली नाही. शस्त्रक्रिया करावी लागेल, औषधं घ्यावी लागतील, केस जातील, थकवा येईल, आणि बऱ्या व्हायची आशा चांगली आहे. सासूबाईंनी एकच विचारलं. तीन बुड्यांवर विसंबून मी वर्षभर राहिले असते तर? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मग ती बहुधा पसरली असती, आणि आशा एवढी चांगली राहिली नसती.

आता सासूबाई पुन्हा मशीनवर बसतात. दुपारी दमतात, तेव्हा आडव्या होतात. माप द्यायला येणाऱ्या प्रत्येक बाईला त्या पट्टी गळ्यात टाकून सरळ विचारतात की स्वतःला कधी तपासून बघतेस का. आणि ती लाजली, तर आधी लाज सोड मग उंची सांग, म्हणतात. मास्तरीण आतून ऐकते आणि तिच्या डोळ्यांत पाणी येतं.

कुंड अजून आहे. पाणी अजून कोमट आहे, राणीची गोष्टही तशीच गोड आहे. दमलात तर अवश्य जा, पाय सोडून बसा, अंगभर बुडबुडे येतील, बरं वाटेल. पण दुखणं तिथे घेऊन जाऊ नका. कुठलाही चमत्कार पुढे आला तर त्याला एकदा तरी खोटं सांगून बघा. जो तुमच्या खोट्यालाही हो म्हणतो, त्याला तुमचं खरं माहीतच नसतं. आणि ज्याला शरीर कळतं त्याच्यापुढे बसाल तेव्हा मात्र खरं सांगा, कितीही लाज वाटली तरी. जिथे गाठ आहे तिथेच बोट ठेवा. खांदा सांगाल, तर खांद्यालाच औषध लागेल आणि गाठ वाढत राहील.